मराठी गाणं उपाशी आहे म्हणे!

खिरापत

'कानसेन' यांच्या कालच्या पोस्टला तिथेच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा. पोस्ट थोडक्यात अशी: जगभरची गाणी पोटभर जेवतात. अमेरिकन गायक हँक विल्यम्सच्या गाण्यात जंबालाया (मांस-मासळी घालून केलेला भात) आहे, क्यूबाच्या गाण्यात शेंगदाणे आहेत, हिंदीत 'बटाटा वडा' आहे. मराठी गाणं तेवढं उपाशी. 'चॉकलेटचा बंगला' आणि दोन-चार चावट लावण्या सोडल्या तर ताट रिकामं. आणि शेवटचं वाक्य: 'मराठी माणसाला खाण्याची लाज वाटते, म्हणून तो खाण्यावर गात नाही.'

या शेवटच्या वाक्याने डोकं फिरलं.

'बटाटा वडा' (हिफाजत, १९८७) मध्ये वडा आला तो 'देना पडा'शी जुळवायला. त्या वड्याला ना आलं-लसणाचं वाटण, ना बेसनाचं आवरण. तो खाण्याचं गाणं, आणि भोंडल्याची 'अक्कण माती' मात्र नाही?

ते गाणं एकदा हातातलं काम समोर ठेवून ऐका. चिकण माती आणायची, खड्डा खणायचा, त्यात जातं रोवायचं, रवा-पिठी काढायची, करंज्या करायच्या, तबकात ठेवायच्या, शेल्याने झाकायच्या, पालखीतून माहेरी धाडायच्या. यातली एकही पायरी शोभेची नाही. जात्याची खालची तळी पक्की बसली नाही तर वरची फिरवताना सगळं जातं सरकतं, म्हणून खड्डा. भोवती माती लिंपून आळं करतात, पीठ त्यात पडतं, म्हणून माती चिकण हवी. मुरमाड असली तर पिठात कचकच येते. आणि शब्द बघा: 'रवा-पिठी काढावी'. दळावी नाही, काढावी. गव्हाला पाण्याचा हात लावून रात्रभर फडक्यात बांधून ठेवले की साल चिवट होते आणि दळताना कोंडा मोठाच्या मोठा सुटतो. चाळणीने तो बाजूला केला की बारीक चाळणीवर उरतो तो रवा, खाली वस्त्रगाळ उतरते ती पिठी. एकाच दळणातून दोन्ही काढायचे असतात. ज्या हातांनी ते केलं त्यांनाच हा शब्द सुचेल.

'कारल्याचं बी पेर गं सूनबाई' घ्या. सासू सुनेला माहेरी सोडत नाही: बी पेर, कोंब येऊ दे, वेल चढू दे, कारलं लागू दे, भाजी कर, मग जा. कारलं बी पेरल्यापासून हाताशी यायला पन्नास-साठ दिवस घेतं. म्हणजे सासूने दोन महिन्यांची मुदत घातली आहे आणि गाण्यात ती भाजीच्या हिशेबात मोजली आहे. दुधीभोपळा नाही, पडवळ नाही, कारलं. ही लाज आहे का?

कानसेन

धागा माझ्यावर आहे, तर उत्तर देतो.

मी 'लोकप्रिय संगीत' म्हटलं होतं. तबकड्या, रेडिओ, सिनेमा. तुम्ही भोंडला आणलात. दळण-कांडणाची गाणी जगातल्या प्रत्येक भाषेत आहेत, तो निकष लावला तर कुणीच उपाशी नाही आणि चर्चाच संपते.

दुसरं, 'अक्कण माती' संपते ती 'असं सासर द्वाड बाई, कोंडून मारितं' इथे. ते सासुरवासाचं गाणं आहे. करंजी निमित्त.

तिसरं, ज्याला तुम्ही पाककृती म्हणताय त्यात सारण कुठे आहे? तळण कुठे आहे? करंजी पीठ काढून थेट तबकात जाते. न तळलेली करंजी माहेरी गेली का?

सारण

सारण गाण्यात आहे, फक्त नाव घेतलेलं नाही. करंजी पालखीतून दुसऱ्या गावी जाणार आहे. ओल्या नारळाची करंजी दुसऱ्या दिवशी मऊ पडते, तिसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. म्हणजे गाण्यातली करंजी सुक्या खोबऱ्याची. खोबरं किसून मंद भाजलेलं, खसखस, थोडा भाजलेला रवा, सगळं गार झाल्यावर पिठीसाखर आणि वेलची. सारण गरम असताना साखर घातली की ती पाझरते, पारीला आतून ओल धरते आणि करंजी तळताना उलते.

पुढची ओळही शहाणपणाची आहे. आधी तबकात ठेवाव्या, मग शेल्याने झाकावं. गरम करंजी झाकली तर वाफेने पारी लवते. तबकात पसरून गार करायच्या आणि नंतरच झाकायच्या. हे ज्याला माहीत नाही तो दोन्ही ओळी एकच समजतो.

मांडवीकाठ

सारणताई, 'तिसऱ्या दिवशी आंबूस' हे सरसकट विधान झालं. गोव्यात आणि तळकोकणात चवथीला नेवऱ्या, म्हणजे आमच्या करंज्या, ओल्या खोबऱ्याच्याही होतात आणि त्या एका दिवसात मरत नाहीत. खोबरं आणि गूळ कढईत एवढं आटवायचं की गोळा कडा सोडतो आणि बोटाला पाक चिकटत नाही. कच्चट ठेवलं तर बिघडणारच, त्यात नारळाचा काय दोष?

सारण

आटवलेलं चून, म्हणजे ते खोबरं-गुळाचं सारण, दोन दिवस टिकतं, मान्य. पारी मात्र टिकत नाही. चुनात ओल असतेच आणि पारी ती ओढून घेते. तुमची नेवरी दुसऱ्या दिवशी गोड लागते, खुसखुशीत लागत नाही. पालखीतून पाठवायला खुसखुशीतच हवी.

मांडवीकाठ

खुसखुशीतपणा पारीवर ठरतो, सारणावर नाही. साटा घातला तर ओलं सारणही चालतं.

सारण

साटा न फेसता घातला तर काहीच चालत नाही. पोळ्यांवर नुसतं तूप फासतात आणि त्याला साटा म्हणतात, म्हणून सविस्तर लिहिते.

पारी: एक वाटी बारीक रवा, एक वाटी मैदा, चिमूट मीठ, तीन मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन. मोहन चोळल्यावर मुठीत मुटका वळला पाहिजे. दुधात घट्ट भिजवून दोन तास झाकून ठेवायचं. रवा फुगतो आणि गोळा आणखी घट्ट होतो, म्हणून नंतर कुटावा लागतो. न कुटता लाटलं तर कडा चिरतात.

साटा: चार मोठे चमचे थिजलेलं तूप हाताने फेसायचं, पांढरं आणि हलकं झालं की त्यात तीन-चार चमचे तांदळाची पिठी घालून पुन्हा फेसायचं. थेंब पाण्यात टाकला तर तरंगला पाहिजे. बुडाला तर आणखी फेसा.

तीन पातळ पोळ्या, प्रत्येकीवर साटा, एकावर एक, घट्ट गुंडाळी, बोटभर लाट्या. लाटी कापलेल्या बाजूने थोडी दाबून हलक्या हाताने लाटायची, तरच पदर सुटतात. भरताना आत हवा राहू द्यायची नाही. कडेला दुधाचं बोट लावायचं, सारणाचा एक कणही कडेत आला तर तिथेच ती तुपात उघडते. तूप मध्यम. करंजी सोडल्यावर सावकाश वर आली पाहिजे. झटकन वर आली तर तूप जास्त तापलंय: बाहेर फोड, लाल रंग, आत ओल, आणि डब्यात गेल्यावर मऊ.

कानसेन

मी गाण्याबद्दल विचारलं होतं.

मांडवीकाठ

उत्तर गाण्याबद्दलच चाललं आहे. सारणताई, तुमच्या करंजीत मैदा आहे. गाण्यात जात्यावरची रवा-पिठी आहे. मैदा जात्यावर निघत नाही. म्हणजे गाण्यातली पारी तुमची नाही.

सारण

हा मुद्दा बरोबर आहे. वस्त्रगाळ सपिटात थोडा कोंडा येतोच, पारी किंचित पिवळसर आणि जाड होते. मोहन वाढवावं लागतं, तीनच्या जागी चार चमचे. इथे तुमचं खरं, यापुढे नाही. ओल्या नारळाबाबत मी माझं म्हणणं सोडलेलं नाही.

भुलाबाई

आमच्याकडे 'सपीट दळावं' असंच म्हणतात. 'काढावी' या एका शब्दावर एवढा डोलारा उभा करू नका. गाव बदललं की ओळ बदलते.

खिरापत

ओळ बदलते, क्रम बदलत नाही. माती, जातं, पीठ, करंजी, तबक, शेला. हा क्रम उलटसुलट असलेलं एकही रूप मला दाखवा.

ठेका

करंजी आता तबकात ठेवा. 'कानसेन' यांचा मूळ मुद्दा, लोकगीत वेगळं आणि तबकडीचं गाणं वेगळं, हा मला टिकणारा वाटत नाही. त्यांनीच दिलेलं क्यूबाचं उदाहरण बघा. 'एल मानिसेरो', म्हणजे शेंगदाणेवाला, हे मोइसेस सिमोन्सचं गाणं. डॉन आस्पियासूच्या वाद्यवृंदाने १९३० मध्ये न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित केलं आणि ते जगभर गेलं. ते मुळात काय आहे? फेरीवाल्याची आरोळी. स्पॅनिशमध्ये तिला प्रेगोन म्हणतात, आणि तिथे तो गाण्याचा रीतसर प्रकार आहे. शेंगदाणे गरम आहेत, गार होत चाललेत, झोपण्याआधी एक पुडी खाल्ल्याशिवाय राहू नका, एवढाच मजकूर.

आता 'चना जोर गरम' बघा. १९४० च्या 'बंधन' मध्ये ती आरोळी गाणं झाली, १९८१ च्या 'क्रांती' मध्ये पुन्हा झाली. तीच पुडी, तोच 'गरम'.

आरोळी गाणं का होते, याला कारण आहे. फेरीवाला चालत असतो, त्यामुळे त्याला चार पावलांचा ठेका आयता मिळतो. वरच्या मजल्यावर ऐकू जायला शेवटचा स्वर ताणावा लागतो, आणि ताणायला मोकळा स्वर लागतो. 'मानीऽऽ' मधला ई, 'बाबूऽऽ' मधला ऊ. व्यंजनावर संपणारा शब्द रस्त्यावर मरतो. म्हणून आपल्याकडचा बोहारीण-कल्हईवाला-मीठवाला पुकारा कधीच 'मीठ' वर थांबत नाही, तो 'मीठेऽऽय' होतो. संगीतकाराने फक्त त्याच्यामागे ताल धरायचा असतो.

जात्याचंही तेच आहे. खुंटा स्वतःकडे ओढताना जोर लागतो, पुढे ढकलताना सैल पडतो. ओवी त्या फेऱ्यावर बसते. ओढताना शब्द, सैल पडताना लांबवलेला स्वर. डाव्या हाताने घास टाकायचा असतो तेव्हा ओळ संपलेली असते. जातं बोथट झालं की फेरा जड होतो आणि ओवी संथ होते. पाथरवटाकडून टाकी लावून घेतली की पुन्हा चाल येते. अशा एक लाखाहून जास्त ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या अभ्यासकांच्या कामातून गोळा झाल्या आहेत. एवढं भांडार असलेल्या भाषेला उपाशी म्हणायचं?

कानसेन

मग मराठी सिनेमाने ते का घेतलं नाही? भांडार होतं, वापरलं नाही. हेच तर मी म्हणतोय.

चूलखंड

घेतलं. १९६१ चा 'मानिनी'. बहिणाबाईंचं 'अरे संसार संसार' त्यात आहे, रेडिओवर पिढ्यांनी ऐकलंय. आधी हाताला चटके, मग भाकर. हे तुम्हाला तत्त्वज्ञान वाटतं, कारण तुम्ही 'संसार' हा शब्द ऐकता आणि 'तवा' ऐकत नाही.

चटका नेमका कुठे बसतो? थापलेली भाकर तव्यावर टाकली की वरच्या अंगाला लगेच पाण्याचा हात फिरवायचा असतो. तवा धगधगीत, बोटं भाकरीवर, वाफ मनगटावर. हात उचलून घाई केली तर पाणी सगळीकडे लागत नाही आणि भाकर तिथे तडकते. पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटायची, उशीर झाला तर पापुद्रा सुटत नाही, भाकर फुगत नाही. मग तवा उतरवून निखाऱ्यापुढे कडेवर उभी करायची आणि हाताने फिरवायची. चटका दोनदा: पाणी फिरवताना आणि निखाऱ्यापुढे. पीठ जुनं असेल तर तिसरी अडचण, विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, गेलेली असते, थापतानाच फाटते. तेव्हा उकळतं पाणी घालून उकड काढावी लागते. बहिणाबाईंनी हा सगळा प्रकार एका ओळीत बसवला आणि तो तबकडीवर आला. अजून कसलं 'लोकप्रिय' हवं?

आणि 'मराठी माणसाला खाण्याची लाज वाटते', या वाक्यावर माझा खरा राग आहे. कोणता मराठी माणूस? ज्याला चार पदार्थ समोर असताना बोलायला संकोच वाटतो तो? ज्यांच्या घरात भाकर मिळणं हीच बातमी होती, त्यांनी खाण्यावरच गायलंय. वामनदादा कर्डकांचं 'आमचा वाटा कुठाय हो' ऐका, पोटाचाच हिशेब आहे. कडूबाई खरात एकतारीवर गातात ते गाणं ऐका, तुम्ही खाता त्या भाकरीवर बाबासाहेबांची सही आहे. गावोगावच्या जयंत्यांत वाजतं ते, लाखो फोनमध्ये आहे. तुमच्या यादीत नाही, कारण तुम्ही खाण्याचं गाणं म्हणजे चवीचं गाणं धरलंय. भुकेचं गाणं हे खाण्याचंच गाणं आहे. १९७२ च्या दुष्काळात मिलो ज्वारी खाल्लेल्या माणसाला जंबालायाचं कौतुक सांगू नका.

कानसेन

'लाज' हा शब्द मागे घेतो. तो सगळ्यांना लावायला नको होता. कडूबाईंचं गाणं मला माहीत होतं, ते माझ्या यादीत यायला हवं होतं, ती चूक माझी.

पण जंबालायावर राग काढू नका. ते १९५२ चं गाणं लुईझियानाच्या बायूतलं, म्हणजे तिथल्या दलदलीच्या भागातलं आहे, जंबालाया, क्रॉफिश पाय आणि फिले गंबो ही तीन नावं एका दमात येतात, आणि त्यातून तिथल्या लोकांचं अख्खं जेवण दिसतं. मला मराठीत असं गाणं हवं आहे. आनंदाने जेवणारं.

सातासमुद्र

तीन नावं येतात, पण शिजत काहीच नाही. फिले म्हणजे ससाफ्रासच्या झाडाची वाळलेली पानं दळून केलेली पूड. गंबो म्हणजे तिथला दाट रस्सा, तो आचेवरून उतरवल्यावरच ती घालायची, उकळीत घातली तर रस्सा तारतार होतो. गाण्यात त्यातलं काही नाही. ती फक्त यादी आहे, आणि चालही जुन्या केजन, म्हणजे लुईझियानातल्या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांच्या, गाण्याची.

आनंदाने जेवणारं आणि स्वयंपाकही येणारं गाणं हवं असेल तर ब्राझीलचा सांबा ऐका. शिको बुआर्केचं 'फेजोआदा कोंप्लेता', १९७८ च्या अल्बममध्ये आहे. फेजोआदा म्हणजे मांस घालून शिजवलेला घेवडा. नवरा बायकोला सांगतो की मित्र येतायत, भूक मोठी आहे. मग एकेक काम: बिअर गार कर, भाताला लाग, फारोफा (भाजलेलं कसाव्याचं पीठ), तिखट मिरची, संत्री, मग पातेल्यात सॉसेज, सुकवलेलं मांस, चरबी टाकायची, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'घेवड्यात पाणी वाढव'. पाहुणे वाढले की आमटीत तांब्याभर पाणी, हे कुठल्या मराठी घराला समजावून सांगायला नको. संत्रं का, तर एवढ्या चरबीच्या जेवणाला आंबट लागतंच. आपण बिरड्याला कोकम का घालतो, तेच.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं. त्रिनिदादच्या संगीतप्रकाराचं नावच चटणी. भोजपुरी गिरमिट्यांच्या, म्हणजे करारावर तिथे नेलेल्या मजुरांच्या, नातवंडांचं संगीत: ढोलक, धनताल (लोखंडी दांडीचं तालवाद्य), हार्मोनियम, आणि कॅरिबियन ठेका. त्यातलं सर्वात गाजलेलं गाणं 'फुलौरी बिना चटनी कैसे बनी'. सुंदर पोपोने ते गायलं आणि कांचन-बाबला या मुंबईच्या जोडीने जगभर नेलं. बाबला म्हणजे कल्याणजी-आनंदजींचे धाकटे भाऊ, आणि कांचन म्हणजे 'लैला ओ लैला'चा आवाज.

भुलाबाई

पण ओळ उलटी आहे. चटणी फुलौरीशिवाय होतेच. 'चटणीशिवाय फुलौरी कशी' असं हवं.

सातासमुद्र

नाही, ओळ सरळ आहे. तिथली फुलौरी पिवळ्या वाटाण्याच्या डाळीच्या पिठाची, थोडा मैदा आणि यीस्ट घालून फुगवलेली, चवीला सौम्य. चटणी चिंचेची किंवा कच्च्या आंब्याची, हिरव्या मिरचीने आणि चाडोन बेनी नावाच्या पाल्याने जाळ काढणारी. फुलौरीबरोबर ती हवीच. फुलौरी नसेल तर वाटणार कोण? खाणाऱ्याला उलटी वाटणारी ओळ वाटणाऱ्याला सरळ वाटते.

ठेका

जपानही जोडा यात. १९७५ च्या अखेरीस आलेलं 'ओयोगे! ताइयाकी-कुन'. तिथल्या एकल तबकड्यांत सर्वात जास्त खपलेलं गाणं. माशाच्या आकाराचा गोड केक रोज लोखंडी साच्यात भाजून घ्यायला कंटाळतो, दुकानदाराशी भांडून समुद्रात पळतो, पोटातलं लाल चवळीसारखं गोड पुरण पोहताना जड होतं, आणि शेवटी गळाला लागून खाल्ला जातो. पुरण जड होतं ही जी बारीक गोष्ट आहे, त्यात गाणं जिंकलं.

मांडवीकाठ

लाल चवळी नव्हे, आझुकी.

ठेका

'चवळीसारखं' लिहिलंय. आझुकीच.

कळीदार

सगळे जेवले, विडा कुणी दिला नाही. 'कानसेन' यांनी 'दोन-चार चावट लावण्या' असं म्हणून ज्यांना बाजूला टाकलं, त्यांच्याबद्दल लिहितो. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल, सुलोचना चव्हाण यांचा आवाज: 'कळीदार कपुरी पान'. यात विड्याचं एकेक साहित्य क्रमाने आलं आहे. पान कपुरी, आणि कोवळं. जून पान चावलं तर चोथा होतो. केशर घातलेला चुना. केवड्याचा कात. वर वर्ख.

विडा बिघडतो तो चुन्याने. जास्त झाला तर जिभेची साल निघते, कमी झाला तर रंग चढत नाही, कारण लाल रंग येतो तो काताचा आणि सुपारीचा चुन्याशी संबंध आल्यावरच. चुना विरवून, निवळून, गाळून घ्यावा लागतो, ताजा विरवलेला तोंड भाजतो. 'खइके पान बनारस वाला' (डॉन, १९७८) सगळ्या देशाला पाठ आहे, त्या गाण्यात पान खाल्ल्यावरची गंमत आहे. पान लावणं मराठी गाण्यात आहे.

कानसेन

पान हे खाणं नाही. आणि तो विडा 'मनरमणा'ला द्यायचा आहे, म्हणजे शृंगारच. माझा आक्षेप हाच होता. खाद्यपदार्थ आला की तो बाईच्या अंगाचं रूपक होतो. 'तंदूरी मुर्गी'पासून (दबंग २, २०१२) 'पाडाला पिकलाय आंबा'पर्यंत.

कळीदार

पान खाणं नाही, हे जेवणानंतर तासभर सुपारी कातरत बसलेल्या माणसाला सांगा. खातो म्हणतात त्याला, 'पान खातो'. भाषेने निकाल दिला आहे.

खिरापत

'तंदूरी मुर्गी'बद्दल मी तुमच्या बाजूची आहे, तिथे कोंबडीही नाही आणि बाईही माणूस नाही. पण 'कोंबडी पळाली' (जत्रा, २००६) ची चाल 'चिकनी चमेली' (अग्निपथ, २०१२) मध्ये गेली तेव्हा पहिली गाळली गेली ती कोंबडी. हिंदीला मराठीतलं खाणंपिणं नको होतं, नुसता ठेका हवा होता. उपाशी कोण ते बघा.

पेंढा

आंब्याचं मी बोलतो, बाकी तुमचं चालू द्या.

'पाडाला पिकलाय आंबा' हे रूपक आहे, कबूल. पण रूपक वापरणाऱ्याला आंबा कळत होता. 'झाडाला पिकलाय' म्हटलं असतं तरी चालीत बसलं असतं. 'पाड' म्हणजे झाडावर पहिले चार-दोन आंबे आपसूक पिकून पडायला लागतात ते. पाड लागला म्हणजे आख्खं झाड उतरवायला तयार झालं, ही खूण. तोवर उतरवला तर आंबा सुरकुततो, अढीत आंबट राहतो. पाडानंतर आठवडाभर थांबला तर पाखरं आणि माकडं निम्मा माल नेतात. म्हणून पाड दिसला की झेला घेऊन दोन-तीन दिवसांत उतरवायचा, देठ बोटभर ठेवायचा, नाहीतर चीक फळावर ओघळून काळे डाग पडतात. मग पेंढ्यावर एकेरी थर, देठ खाली, वर पुन्हा पेंढा. आठ-दहा दिवसांत रंग येतो, मधे दोनदा चाळवायचा आणि नासका काढायचा.

आता ती ओळ पुन्हा वाचा. 'पाडाला' या एका शब्दात वेळ आलीय, थांबू नका, एवढं सगळं सांगून झालंय. बघणाऱ्याला चावट वाटतं, बागवाल्याला आधी तारीख कळते.

कानसेन

'पाड' चा हा अर्थ मला ठाऊक नव्हता. मी 'पाडणे' शी जोडत होतो, काठीने पाडलेला आंबा.

पेंढा

काठीने पाडलेला आंबा आपटतो, आपटलेल्या जागी आतून काळा पडतो. त्यावर कुणी लावणी लिहिणार नाही.

कानसेन

ठीक. यादी दुरुस्त करतो. 'अक्कण माती' घेतलं, 'कारल्याचं बी' घेतलं, बहिणाबाई आणि कडूबाई घेतल्या. आंबा घेतला. विडा अजून घेतलेला नाही. आणि सिनेमात जेवणाची पंगत आनंदाने गाणारं मराठी गाणं अजून कुणी दाखवलेलं नाही, तो रकाना मी रिकामाच ठेवणार आहे.

सारण

ठेवा. पण 'अक्कण माती' पुढे कंसात 'सुक्या खोबऱ्याची' लिहा.

मांडवीकाठ

लिहू नका.